अपुऱ्या वारंवारितेचं आडनाव

पाणीपुरवठा कार्यालयातून सन्मानाने निवृत्त झालेल्या हेडक्लार्कना नात झाली, ही बाब प्रथमदर्शनी आनंदाची होती. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. बाळाचं वजन ठीक होतं, रडणं खणखणीत होतं आणि नाक कुणाच्या वळणावर गेलं आहे यावर दोन्हीकडच्या मंडळींनी आपापले मतभेद रीतसर नोंदवले होते. आता जन्माची नोंद तेवढी करायची राहिली होती. ते काम हेडक्लार्कनी हट्टाने स्वतःकडे घेतलं. "तुला ऑफिसातली रीत कळत नाही, तू फक्त रांगेत उभा राहशील," असं मुलाला सुनावून त्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि खिशाला दोन पेनं लावली. एक लिहिण्यासाठी आणि दुसरं, कुणी मागितलं तर 'चालत नाही' म्हणून दाखवण्यासाठी.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी बाळाचं नाव टाइप केलं, वडिलांचं नाव टाइप केलं, आडनाव टाइप केलं आणि त्या थांबल्या. चष्मा पुसून त्यांनी आडनाव पुन्हा एकदा टाइप केलं.

"हे यादीत नाही."

हेडक्लार्क हसले. अशा वेळी हसायचं असतं, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. "अहो बाई, यादीत नसेल, पण आहे. माझं आहे. माझ्या वडिलांचं होतं."

"असेल ना. पण त्याची वारंवारिता अपुरी आहे."

हे शब्द बाईंनी 'तुमच्या डाव्या बुटाची नाडी सुटली आहे' अशा सुरात उच्चारले. मग त्यांनी समजावून सांगितलं. आडनावांची यादी फार फुगली होती. सुलभीकरण मोहिमेत असं ठरलं की ज्या आडनावाची किमान दहा माणसं हयात आहेत तेवढंच आडनाव यादीत ठेवायचं; बाकीच्यांनी जागा अडवायची नाही. "तुमचे नऊ भरतात," बाई म्हणाल्या.

हेडक्लार्कनी मनातल्या मनात हिशेब केला. ते स्वतः, बायको, मुलगा, सूनबाई आणि अक्का. अक्का ही त्यांची थोरली बहीण. आडनाव बदलायचा कंटाळा म्हणून तिने लग्न केलं नाही, असं ती सांगायची. पलीकडच्या गल्लीत चुलतभाऊ, त्याची बायको आणि दोन मुलं. चुलतभावाशी सामाईक भिंतीवरून अबोला होता, पण वारंवारितेच्या कामी अबोला आड येत नव्हता. नऊच भरत होते. (ते आडनाव इथे छापलेलं नाही. त्याचं कारण यथावकाश कळेल.)

"पण मग ही नात दहावी की!" हेडक्लार्क म्हणाले.

"नोंद झाली की दहावी. पण नोंद व्हायला आडनाव यादीत पाहिजे."

"आणि यादीत यायला दहा पाहिजेत."

"आणि दहा व्हायला नोंद पाहिजे. बघा, तुम्हाला लगेच समजलं. लोक उगाच भांडत बसतात."

हेडक्लार्कना भरून आलं. आपण उभी हयात नोकरी केली, लोकांना नळजोडणीसाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं. पण इतकी गोळीबंद तरतूद आपल्याला कधी सुचली नाही, याची त्यांना क्षणभर खंत वाटली. मग ती तरतूद आपल्यालाच लागू आहे हे लक्षात आलं.

"मग आता?"

"यादीतलं दुसरं एखादं घ्या. शेजाऱ्यांचं काय आहे? नाहीतर 'इतर' आहेच. 'इतर'ची वारंवारिता चांगली आहे."

घरी आल्यावर हेडक्लार्कनी ही हकीकत सांगितली तेव्हा सूनबाईने डोळेसुद्धा मोठे केले नाहीत. तिची रजा संपत आली होती आणि पाळणाघरवाल्या बाई जन्मदाखल्याशिवाय बाळाला दारात उभं करणार नव्हत्या. "बाबा, 'इतर' लिहून टाका ना," ती म्हणाली. "तिला कुठे वाचता येतंय?"

"इतर?" हेडक्लार्कचा आवाज चढला. "माझी नात इतर? अगं, मी आयुष्यभर 'इतर' या रकान्यात काय काय टाकलंय ते मला माहीत आहे! फुटक्या तोट्या, उंदरांनी खाल्लेले पाइप, जागेवर न सापडणारे कर्मचारी! काय वाट्टेल ते होवो, ही पोर आपल्याच आडनावाने नोंदली जाईल. नाहीतर मी..." पुढे काय करू ते त्यांना सुचलं नाही, पण निर्धार झाला होता.

"बरं," बायको म्हणाली, "आधी जेवून घ्या."

पुढच्याच आठवड्यात हेडक्लार्कनी मार्ग शोधून काढला. नियमाला अपवाद असतो आणि अपवादाला कार्यालय असतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. दुर्मीळ आडनाव संवर्धन संचालनालय एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात फुटक्या खुर्च्यांची चळत होती आणि संवर्धन अधिकाऱ्याच्या खोलीत भिंतभर तक्ते टांगले होते. अधिकारी तरुण आणि मऊ बोलणारा होता.

"साहेब, आमचं आडनाव फार दुर्मीळ आहे. आम्ही नऊच आहोत," हेडक्लार्क म्हणाले.

अधिकाऱ्याने दुःखाने मान हलवली. "आजोबा, इथेच सगळ्यांची गल्लत होते. दुर्मीळ असणं वेगळं आणि नुसतं कमी असणं वेगळं. ज्याला इतिहास आहे ते दुर्मीळ. ज्याला कुणी विचारत नाही ते कमी. तुमच्या आडनावाचा उगम काय?"

"उगम म्हणजे..."

"म्हणजे कुणी तरी थोर पुरुष, एखादा पराक्रम. निदान एखादी पदवी. उगम उज्ज्वल असेल तर दहाची अट शिथिल होते. प्रमाणपत्र मिळालं की नोंद झालीच म्हणून समजा."

आता हेडक्लार्कना आपल्या आडनावाचा उगम अजिबात माहीत नव्हता असं नाही. लहानपणी अर्धामुर्धा कानावर पडला होता आणि मोठेपणी ते तो प्रयत्नपूर्वक विसरले होते. घरी येऊन ते अक्काजवळ बसले. अक्का मटार सोलत होती.

"अक्का, आपलं आडनाव कुठून आलं गं?"

"बादल्यांवरून," अक्का म्हणाली.

"ते नव्हे. खरं सांग."

"खरंच सांगतेय. आपला खापरपणजा बादल्या चोरायचा. विहिरीवर कुणाची पाठ वळली की बादली गेलीच. पण हुशार हो! भरलेली बादली कधी उचलायचा नाही. आधी पाणी ओतून द्यायचा, मग न्यायचा. पाणी हिंदकळलं तर वाट ओली होते ना, माग लागतो. तो दिसला की गावातले लोक जो शब्द ओरडायचे तेच आपलं आडनाव. पुढे नावं लिहून घेणारा माणूस आला, त्याने विचारलं, या घरचे कोण? अख्ख्या गावाने एका सुरात सांगितलं." अक्काने एक शेंग तोंडात टाकली. "लोकांची आडनावं बापाने ठेवलेली असतात. आपलं लोकांनी ठेवलंय. ती न्हाणीघरातली पितळेची बादली आहे ना, तीच काय ती राहिली त्यातली. बुडाला मासा कोरलाय बघ. ज्यांच्या घरची होती त्यांची खूण."

हेडक्लार्कनी न्हाणीघराकडे पाहिलं. ज्या बादलीने त्यांनी जन्मभर आंघोळ केली, जिच्यात आता नातीचं पाणी काढलं जात होतं, ती चोरीची होती. बरं, चोरीही एखाद्या खजिन्याची असती तर सांगता तरी आली असती.

"हे बाहेर बोलू नकोस," ते म्हणाले.

"मी कुठे बोलतेय? तूच विचारलंस."

त्या संध्याकाळी हेडक्लार्कनी नवं पेन काढलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. पण ज्याने पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी केली आहे त्याला आडात नसलेलं पोहऱ्यात दाखवणं जड नाही. उगम असा सिद्ध झाला: हेडक्लार्कांचे मूळपुरुष हे राजवाड्याच्या पाणीव्यवस्थेचे प्रमुख होते. वेढा पडला असता त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी वाहून राजपरिवाराची तहान भागवली. त्यावर प्रसन्न होऊन राजाने त्यांना हे आडनाव बहाल केलं. मजकूर दोनदा वाचून हेडक्लार्कना स्वतःलाच मूळपुरुषांचा अभिमान वाटू लागला. पण मुरलेला कारकून कधी पळवाट उघडी ठेवत नाही. उद्या कुणी हरकत घेऊ नये म्हणून त्यांनी शेवटी एक परिच्छेद जोडला आणि खाली शपथेवर सही केली: 'बादली या वस्तूच्या चोरीसंबंधी आमच्या कुटुंबात प्रचलित असलेली दंतकथा सर्वस्वी खोटी, निराधार व मूळपुरुषांची बदनामी करणारी आहे.'

तोवर अशी काही दंतकथा आहे हे संचालनालयातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

यथावकाश पडताळणीसाठी एक उगमतज्ज्ञ घरी आले. त्यांनी भिंतीवर टकटक करून पाहिलं, हेडक्लार्कांच्या कपाळाची रुंदी न्याहाळली आणि चहा घेऊन हात धुवायला न्हाणीघरात गेले. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. हेडक्लार्क आत डोकावले तर तज्ज्ञ उकिडवे बसून बादलीच्या बुडाला भिंग लावून बघत होते.

"हा मासा?"

निवृत्त झाला तरी वाघ तो वाघच. "राजचिन्ह," हेडक्लार्क म्हणाले. "पाणीखात्याचं. वेढ्यात वापरलेली बादली ती हीच."

बाहेर अक्काला खोकल्याची जोराची उबळ आली. बायकोने तिला पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात नेलं.

प्रमाणपत्र आलं. 'अतिदुर्मीळ, श्रेणी एक.' सोबत सवलतींची पुस्तिका होती. श्रेणी एकच्या आडनावधारकाला कुठल्याही कार्यालयात वेगळी खिडकी, दवाखान्यात आधी नंबर, बसमध्ये खिडकीजवळची जागा, शाळेत प्रवेशाला प्राधान्य. हेडक्लार्कनी प्रमाणपत्र चौकटीत बसवून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चुलतभावाला हाक मारून आत बोलावलं आणि ते दाखवलं. दोघा भावांच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंत तशीच राहिली, पण अबोला मिटला.

"मग आता नोंद करून टाकायची?" सूनबाईने विचारलं.

"एवढी हरकतींची मुदत संपू दे. जाहीर सूचना निघालीय. रीत असते ती."

जाहीर सूचना सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली. आडनाव, उगम, बादलीचं छायाचित्र आणि खाली सवलतींची यादी. हरकत एकही आली नाही. आले ते दावे.

पहिला दावा एका दाताच्या डॉक्टरांचा होता. आपल्याला लहानपणापासून पाण्याची विलक्षण ओढ असून आपलं सध्याचं आडनाव आपल्याला अंगात घट्ट होतं, असं त्यांनी लिहिलं होतं. दुसरा एका बिल्डरचा. त्यांच्या आजीच्या स्वप्नात मासा येत असे. मग एक गवई, एक न्यायाधीश, गाड्या विकणारे दोघे भाऊ, एका शाळेतला सगळा शिक्षकवर्ग. एका बाईंनी कळवलं की आपण अद्याप हे आडनाव लावलेलं नाही, पण लावल्यावर शोभून दिसतं असं मैत्रिणींचं मत आहे. संचालनालयाने विचार केला. वंशाचा पुरावा मागावा तर तो मूळ अर्जदारानेही दिला नव्हता, फक्त गोष्ट दिली होती. आणि गोष्ट तर आता सगळ्यांनाच पाठ होती. सगळे दावे मंजूर झाले.

सुरुवातीला हेडक्लार्क सुखावले. सकाळी फिरायला निघालं की दारोदारच्या पाट्यांवर आपलं आडनाव दिसायचं. गाड्यांच्या मागच्या काचेवर मासा दिसायचा. वेगळ्या खिडकीसमोरची रांग साध्या खिडकीच्या रांगेपेक्षा लांब झाली, तेव्हा लोक साध्या रांगेत उभे राहू लागले आणि तिथे ज्यांचं आडनाव साधं होतं त्यांच्यावर 'तुम्ही इथे कसे?' म्हणून खेकसू लागले. संवर्धन अधिकाऱ्याला बढती मिळाली. नऊवरून थेट काही हजारांवर गेलेलं दुसरं दुर्मीळ आडनाव संचालनालयाच्या इतिहासात नव्हतं.

"आता तरी दहा झाले ना?" एके दिवशी सूनबाईने विचारलं. तिची रजा संपली होती. बाळ आजी आणि अक्काच्या मांडीवर आळीपाळीने झोपत होतं आणि आजीची कंबर धरली होती.

हेडक्लार्क पुन्हा त्याच खिडकीवर गेले. त्याच बाईंनी आडनाव टाइप केलं आणि या वेळी पडदा हिरवा झाला.

"आहे!" बाई म्हणाल्या. "वा! केवढी वारंवारिता आहे हो तुमची!"

हेडक्लार्क कृतकृत्य झाले. त्यांनी बायकोचं नाव घेतलं नसेल इतक्या प्रेमाने बाळाचं नाव उच्चारलं.

"फक्त कुलमंडळाचा ना-हरकत दाखला जोडा."

"कुठलं कुलमंडळ?"

"तुमचंच. वारसा आडनाव आहे ना ते आता. गैरवापर होऊ नये म्हणून मंडळाच्या परवानगीशिवाय नोंदता येत नाही, छापताही येत नाही. लोक कुणाचंही आडनाव लावायला लागलेत अलीकडे."

कुलमंडळाचं कार्यालय काचेच्या इमारतीत होतं. दारात पितळेचा मोठा मासा होता. आत टेबलापलीकडे अध्यक्ष म्हणून बिल्डर बसले होते आणि सचिव म्हणून दाताचे डॉक्टर. कडेच्या खुर्चीवर हेडक्लार्कांचा चुलतभाऊ बसला होता. तो आजीव सदस्य झाला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "घाबरू नका. एक छोटीशी चाचणी असते. मूळपुरुष राजवाड्यात किती दरवाजांतून शिरले?"

"दरवाजांतून?" हेडक्लार्क गोंधळले. "दरवाजांचं काही नव्हतं त्यात."

सचिवांनी कागदावर फुली मारली.

"बरं. मूळपुरुषांच्या पांढऱ्या घोड्याचं नाव सांगा."

"घोडा? अहो, घोडा नव्हता!"

"नव्हता?"

"मी घातलाच नाही! म्हणजे... ती गोष्ट मी लिहिली आहे. मला माहीत असणार ना घोडा होता की नाही ते!"

अध्यक्षांनी चुलतभावाकडे पाहिलं. "तुम्ही सांगा यांना." चुलतभावाने छताकडे बघत घोड्याचं नाव सांगितलं, घोडीचंही सांगितलं. ते त्याने पाठ केलं होतं. भिंत आपल्या बाजूला सरकवायची तर मंडळाचं वजन पाठीशी हवं, हे त्याला आधी कळलं होतं.

"म्हणजे उगमाची प्राथमिक माहितीही नाही," सचिव म्हणाले. "अशा माणसांमुळेच आपल्या आडनावाची शान जाते. नामंजूर."

आयत्या बिळावर नागोबा, हे हेडक्लार्क लहानपणापासून ऐकत आले होते. पण बिळात शिरलेल्या नागोबाने उंदराकडे राहण्याचा पुरावा मागावा, हे त्यांनी प्रथमच पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर नातीचं तोंड आलं. तिच्या आधीच्या सगळ्या पिढ्यांनी फुकटात लावलेलं आडनाव तिला मात्र या दोघांच्या कृपेने मिळायचं होतं, आणि तेही मिळत नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांनी जी गोष्ट कधी केली नव्हती ती त्यांनी त्या काचेच्या खोलीत केली. ते खरं बोलले.

"ऐका! राजा नव्हता, वेढा नव्हता, घोडा तर नव्हताच. आमचा खापरपणजा बादल्या चोरायचा! विहिरीवरच्या! ती बादली चोरीची आहे आणि तो मासा ज्याची चोरली त्याचा आहे. म्हणून हे आडनाव आमचं आहे. दुसऱ्या कुणाचं असूच शकत नाही! माझ्या अक्काला विचारा!"

चुलतभावाने डोळे मिटून घेतले. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. सचिवांनी फाईल उघडून शांतपणे एक परिच्छेद मोठ्याने वाचला. 'बादली या वस्तूच्या चोरीसंबंधी... सर्वस्वी खोटी, निराधार व मूळपुरुषांची बदनामी करणारी आहे.'

"ही सही तुमची?"

हेडक्लार्कनी सही ओळखली. सुरेख होती. नव्या पेनाची होती.

"काही हजार लोकांच्या भावना आहेत या आडनावात," अध्यक्ष म्हणाले, "आणि तुम्ही आमच्या पूर्वजाला चोर म्हणता?"

तुमच्या नव्हे, आमच्या, असं हेडक्लार्कना म्हणायचं होतं. पण तोवर ठराव मांडून मंजूरही झाला होता. मूळपुरुषांची बदनामी केल्याबद्दल अर्जदार व त्याचे कुटुंबीय यांना आडनाव वापरण्यास मनाई करण्यात येत असून कुलवारसा असलेली बादली मंडळाच्या संग्रहालयात ताबडतोब जमा करण्यात यावी. चुलतभावाला वगळण्यात आलं. त्याला घोडा माहीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाच्या आंघोळीच्या वेळेलाच मंडळी दारात हजर झाली. मान मोठा म्हणून अध्यक्ष आणि सचिव जातीने आले होते. हेडक्लार्क दार अडवून उभे राहिले, मग त्यांनी ठराव वाचला आणि सवयीने बाजूला झाले. कागद बरोबर होता, शिक्काही होता.

"याची पावती?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"नंतर देतो," सचिव म्हणाले. हे उत्तर ओळखीचं होतं. उभी नोकरी हेडक्लार्कनी ते दिलं होतं.

बादली न्हाणीघरात भरून ठेवलेली होती. अक्का दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन दारात उभी होती. अध्यक्षांनी बादलीला हात घातला, मागे वळून एकदा पाहिलं आणि म्हणाले, "थांबा हो. भरलेली नको न्यायला. हिंदकळेल, गाडीपर्यंत सगळा ओघळ लागेल."

"बरोबर," सचिव म्हणाले, "आधी ओतून देऊ."

दोघांनी मिळून बादली अलगद कलंडली. बाळाचं कोमट पाणी मोरीतून खळखळत निघून गेलं. मग दोघांनी दोन बाजूंनी कडी धरली आणि झपझप पावलं टाकत ते गाडीकडे गेले. घरापासून गाडीपर्यंत फरशीवर एक थेंबसुद्धा पडला नाही.

अक्का त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"मी उगाच नावं ठेवत होते रे," ती भावाला म्हणाली. "घराण्यातलेच आहेत."

त्याच दुपारी सूनबाई कुणालाही न विचारता बाळाला घेऊन खिडकीवर गेली आणि पाच मिनिटांत नोंद करून आली. आडनाव: इतर. पाळणाघराने बाळाला लगेच घेतलं. तिथली निम्मी मुलं 'इतर'च होती आणि एकमेकांची खेळणी ओढत सुखाने नांदत होती. चौकटीतलं प्रमाणपत्र हेडक्लार्कनी भिंतीवरून काढलं, तेव्हा त्या जागी भिंतीचा जुना, उजळ रंग दिसला. मग एका संध्याकाळी अक्का नातीला मांडीवर घेऊन बादलीचोराची गोष्ट सांगत होती, तेव्हा ते मुकाट्याने जवळ जाऊन बसले. घोडा नसलेली ती गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच पुरती ऐकली आणि मधेच त्यांना रडू आलं. ही गोष्ट आता जिच्या मालकीची होती तिला ते आडनाव लावायची परवानगी नव्हती. नातीला मात्र गोष्ट आवडली असावी, कारण ती झोपली.

ते आडनाव इथे का छापलेलं नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. मंडळाकडे दाखला मागितला होता. घोड्याचं नाव सांगता आलं नाही. पण त्यावाचून तुमचं काही अडणार नाही. आजकाल ते इतक्या दारांवर आहे की न वाचता रस्ता ओलांडता येत नाही, आणि कुणालाही विचारा, 'आमचं पहिल्यापासून हेच' असंच उत्तर मिळतं. अर्ज केलेला माणूस शोधूनही सापडत नाही. तेव्हा तुमचंही पहिल्यापासून तेच असणार, याबद्दल शंका नाही.

मंडळाने गेल्या वर्षी प्रत्येक सभासदाला घरपोच एक बादली भेट दिली. सहज म्हणून तुमच्या न्हाणीघरातली उलटी करून बुडाला मासा आहे का ते बघा. भरलेली असेल तर आधी पाणी ओतून द्या. अर्थात, हे तुम्हाला सांगायला नको.